चौथी सीट आणि जी७ चा उंट

रविवारी पार्ल्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांची बुद्धिबळाची रॅपिड, म्हणजे झटपट डावांची, स्पर्धा होती. आम्ही पालक मंडळी बाहेर जिन्यावर ओल्या छत्र्या आणि डबे सांभाळत बसलो होतो. पाचव्या राऊंडनंतर माझी अकरा वर्षांची भाची बाहेर आली आणि माझ्या नाकासमोर स्कोअरशीट धरून उभी राहिली. रडत नव्हती, चिडली होती.

"मामा, ओपनिंग सगळी बरोबर खेळले. सरांनी शिकवली तश्शी. मग हरले कशी?"

रॅपिडमध्ये चाली लिहिणं सक्तीचं नसतं, पण तिच्या सरांचा दंडक आहे, लिहायच्याच. त्यामुळे पुरावा हातात होता. पहिल्या दहा ओळी सुवाच्य, पुढे घड्याळ पळायला लागलं तसं अक्षर उताराला लागलेलं. शेवटच्या चार चाली वाचल्या आणि मला हसू आवरेना. पांढऱ्याचा घोडा एफ७ वर घुसला, तिथून एच६ वर गेला, मग पांढऱ्या वजिराने जी८ वर जाऊन स्वतःचा बळी दिला आणि घोडा परत एफ७ वर येऊन मात.

"हा डाव मी वाचलाय," मी म्हटलं.

"आत्ता तर खेळले मी. तू कुठे वाचलास?"

"तुझा नाही गं. १८५५ सालचा, कोलकात्यातला. तिथेही काळी सोंगटी घेतलेला माणूस ओपनिंग बरोबरच खेळला होता."

स्पर्धा संपवून दादरला आलो तर मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक. डोंबिवलीच्या गाडीचा पत्ता नाही. फलाटावरच्या बाकावर बसून, मोबाईलवर पट उघडून पाऊण तास तिला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लावून लिहितो आहे. मुलांना स्पर्धांना घेऊन जाणारे, पण स्वतः 'घोडा अडीच घरं' याच्यापुढे न गेलेले आईबाप जिन्यावर पुष्कळ भेटतात. त्यांनाही चालेल.

आधी पटाची भाषा. उभ्या आठ पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी नावं, आडव्या आठ ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे. एवढंच. पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१ वर असतो, काळ्याचा ई८ वर. काळ्या राजाच्या शेजारी जो उंट असतो, त्याच्यापुढचं प्यादं उभं असतं ते घर एफ७. या घरावर आत्ताच बोट ठेवून घ्या, आपण तिथे परत परत येणार आहोत.

ओपनिंग म्हणजे डावाच्या पहिल्या दहा-पंधरा चाली. त्यांना नावं असतात, त्यांची जाडजूड पुस्तकं असतात, आणि मुलं त्या पाढ्यांसारख्या पाठ करतात. पाठांतर करावंच लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाठ केलेल्या चालींच्या आत एक सौदा असतो. तुम्ही समोरच्याला काहीतरी घेऊ देता आणि त्याच्या बदल्यात काहीतरी मिळवता. सौद्यात आपण काय मिळवलं हे मुलांना शिकवलं जातं. आपण काय सैल सोडलं, हे बहुतेक वेळा त्या पानावर लिहिलेलं नसतं.

पहिला सौदा मध्याचा. पटाची मधली चार घरं, डी४, ई४, डी५ आणि ई५, ही बुद्धिबळातली सगळ्यांत महागडी जागा. घोडा मधल्या घरात उभा केला तर आठ घरांवर उडी मारू शकतो, कोपऱ्यात ठेवला तर फक्त दोन. म्हणून जुनं शहाणपण असं की पहिल्या चालीपासून प्यादी पुढे घाला आणि मध्य बळकावा. एकोणिसाव्या शतकातले युरोपीय खेळाडू हेच मानत.

मग काळ्याने असं का करावं, की पांढऱ्याला खुशाल मध्यात येऊ द्यावं आणि स्वतः कडेकडेने सोंगट्या लावत बसावं?

हे समजायला लोकल बरी. तीन माणसांच्या बाकावर मुंबईत चौथी सीट असते. ती मिळते म्हणजे काय मिळतं? अर्धी मांडी टेकते, उरलेला भार स्वतःच्या पायांवर. गाडी वळली की तोल सांभाळा, शेजारचा हलला की सावरा. जागा तुमची खरी, पण ती राखण्यात सगळी ताकद जाते. समोर उभा असलेला अनुभवी माणूस मात्र निवांत असतो. त्याने आधीच विचारून ठेवलेलं असतं, "कुठे उतरणार?" त्याचं लक्ष जागेवर आहे, पण वजन अजून त्याने तिथे टाकलेलं नाही.

पांढऱ्याची मध्यात पुढे आलेली प्यादी कधीकधी या चौथ्या सीटवर बसलेली असतात. काळा लांबून त्यांच्यावर नेम धरतो आणि एकेक धक्का देत विचारतो, राखता येतंय का? राखता आली तर पांढरा डोईजड होतो, काळा चेंगरून मरतो. नाही आली तर मध्य कोसळतो. १९२०च्या दशकात रेती, निम्झोविच, तार्ताकोव्हर अशा खेळाडूंनी हा विचार मोठ्या हिरिरीने मांडला आणि त्याला हायपरमॉडर्न असं भारी नाव मिळालं.

लांबून नेम धरायला सगळ्यांत योग्य सोंगटी उंट. काळा जी७ वरचं प्यादं एक घर पुढे, जी६ वर सारतो आणि रिकाम्या झालेल्या जी७ वर उंट आणून बसवतो. तिथून तो तिरका थेट ए१ च्या कोपऱ्यापर्यंत बघतो. मधली दोन महागडी घरं, ई५ आणि डी४, त्याच रेषेवर येतात. गिरगावातल्या चाळीत गॅलरीच्या टोकाच्या खोलीत एखाद्या आजी खुर्ची टाकून बसलेल्या असत, त्यांना अख्ख्या मजल्यावर कोण आलं कोण गेलं ते दिसे. जी७ चा उंट म्हणजे त्या आजी. जागेवरून न उठता सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या.

आता भाचीचं ओपनिंग. पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं डी४ वर आणलं की काळा घोडा एफ६ वर काढतो, मग प्यादं जी६, उंट जी७, प्यादं डी६ आणि किल्लेकोट, म्हणजे मुलांच्या भाषेत कॅसलिंग: एकाच चालीत राजा जी८ वर आणि हत्ती एफ८ वर. याला किंग्ज इंडियन म्हणतात. क्लासच्या सरांना ते आवडतं, कारण पांढरा काहीही खेळो, या पाच चाली बहुतेक वेळा जमून जातात. याचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे ग्रुनफेल्ड. सुरुवात तशीच, पण डी६ असं बिचकत न जाता काळा तिसऱ्याच चालीला प्यादं डी५ वर टाकतो आणि मध्याचं भांडण लगेच उकरून काढतो. किंग्ज इंडियनवाला म्हणतो, बस तू, मग बघतो. ग्रुनफेल्डवाला म्हणतो, ऊठ.

"पण मामा, इंडियन का? सरांना विचारलं तर म्हणाले, नाव आहे तसं."

नाव आहे तसं, हे खरंच. शिवाय या कुटुंबातली बाकीची नावं ऐका: निम्झो-इंडियन, बोगो-इंडियन. निम्झोविच जन्माने रिगाचा, बोगोल्युबोव्ह युक्रेनचा. दोघांचा भारताशी काडीचा संबंध नाही. तरी डी४ ला घोडा एफ६ ने उत्तर दिलं की पुढच्या जवळजवळ सगळ्या फाट्यांवर 'इंडियन'ची पाटी लागते. ही पाटी एका माणसामुळे लागली, आणि त्याचं नाव क्लासमध्ये कुणी घेत नाही.

महेशचंद्र बॅनर्जी. बंगालच्या गावाकडचा ब्राह्मण, देशी नियमांच्या बुद्धिबळात कुणाला न हरणारा अशी ख्याती. त्याला पटासमोर बसवलं जॉन कॉक्रन याने. हा स्कॉटिश बॅरिस्टर, कोलकात्यात वकिली करायचा, आणि खेळाडू म्हणून साधासुधा नव्हता. लंडनला गेला तेव्हा हॉवर्ड स्टॉन्टनशी शेकडो डाव खेळून आला होता. स्टॉन्टन म्हणजे त्या काळातलं फार मोठं नाव. आज स्पर्धेत आपण ज्या घडणीच्या सोंगट्या वापरतो, त्यांना त्याचंच नाव आहे. १८४८ च्या सुमारास कॉक्रन आणि महेशचंद्र यांची गाठ पडली आणि मग वर्षानुवर्षं दोघे कोलकात्यात खेळत राहिले. शेकडो डाव. कॉक्रनने ते टिपून ठेवले आणि इंग्लंडच्या मासिकांत छापून आले, म्हणून आज आपल्याला दिसतात.

महेशचंद्र जी६ आणि उंट जी७ का खेळायचा, याचं जे कारण सांगतात ते मला पटतं. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं. प्रांताप्रांतात नियम थोडे वेगळे, पण हा मोठा फरक बहुतेक ठिकाणी होता. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. प्यादी अशी मुंगीच्या पावलाने निघाली की मध्यात झुंबड उडत नाही. दोन्ही बाजू आपापल्या घरात सोंगट्या नीट मांडून घेतात, उंट कोपऱ्यातल्या लांब रेषांवर बसतात, आणि मग गाठ पडते. असं खेळून मोठा झालेला माणूस युरोपीय नियमांच्या पटावर आला तर तो एकदम दोन घरं उडी मारून मध्यात कशाला घुसेल? त्याने आपली घडी तशीच ठेवली. युरोपियनांना ती ओबडधोबड वाटली असणार. 'इंडियन डिफेन्स' हा शब्द छापील रूपात १८८४ मध्ये दिसतो, तो या बंगाली खेळाडूच्या सवयीवरूनच.

दोन नियमांचे दोन खेळ तेव्हा एकाच शहरात शेजारी नांदत होते, आणि याची एक खूण मुंबईतही आहे. १८१४ साली इथे एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं: त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचा अनुवाद. विषय बुद्धिबळातले अवघड पेच, आणि मुखपृष्ठावरच म्हटलं होतं की हे युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेले आहेत. म्हणजे कॉक्रन आणि महेशचंद्र भेटण्याच्या तीसेक वर्षं आधी, पेशवाई अजून शिल्लक असताना, एक शास्त्री दोन्ही पद्धतींमधला दुवा मुंबईत छापून देत होता. मला हे पुस्तक त्या डावाइतकंच आवडतं. भाचीला मात्र त्यात काडीचा रस नव्हता. तिला मात बघायची होती.

तर तो डाव. पांढरा कॉक्रन, काळा महेशचंद्र. नुसतं घराचं नाव लिहिलं असेल तिथे चाल प्याद्याची समजा.

डी४, घोडा एफ६. सी४, जी६. घोडा सी३, आणि तिसऱ्या चालीला महेशचंद्र डी५ खेळला. हा नोंद असलेला पहिला ग्रुनफेल्ड. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड, यांनी ही चाल स्पर्धेत आणली १९२२ साली, म्हणजे सदुसष्ट वर्षांनी.

कॉक्रनने ई३ अशी बेताची चाल केली. काळ्याने उंट जी७ वर बसवला, पांढऱ्याने दुसरा घोडा एफ३ वर काढला, काळ्याने किल्लेकोट करून घेतला. पांढऱ्याने डी५ वर मारामारी केली, काळ्याच्या घोड्याने ते प्यादं परत मारलं, मग सी३ वरच्या घोड्याशी अदलाबदल केली. पांढऱ्याच्या मध्यात आता डी४ आणि त्याला आधार द्यायला सी३ अशी प्यादी. आणि आठव्या चालीला काळा सी५! आजचा ग्रँडमास्टर या जागी हेच करतो. चौथ्या सीटवर बसलेल्याला पहिला धक्का. पुढे सी५ ने डी४ वर मारलं, पांढऱ्याने परत मारलं, काळ्याचा घोडा सी६ वर आला. दहा चाली झाल्या आणि काळ्याचं एकही पाऊल चुकलेलं नाही.

भाची इथे जोरजोरात मान हलवत होती. तिच्याही पहिल्या दहा ओळी सुवाच्य होत्या.

पुढे कॉक्रनने वजिराच्या बाजूचा उंट ए३ वर आणला. तिथून त्याची तिरकी रेष ई७ च्या प्याद्यातून आरपार थेट एफ८ वरच्या काळ्या हत्तीपर्यंत जात होती. काळा वजीर ए५ वर येऊन त्या उंटाकडे डोळे वटारायला लागला, तर पांढरा वजीर बी३ वर आला. उंट राखला, बी७ वर नजर ठेवली आणि त्याच वेळी दुसऱ्या तिरक्या रेषेवर, डी५ आणि ई६ या रिकाम्या घरांतून, एफ७ वर.

चौदावी चाल. महेशचंद्राने एफ८ वरचा हत्ती ई८ वर सरकवला. किती साधी चाल! हत्ती उंटाच्या रेषेतून बाजूला झाला, ई७ च्या प्याद्याला आणखी एक राखणदार मिळाला. क्लासमध्ये कुणी या चालीला नावं ठेवणार नाही. फक्त एक झालं. तो हत्ती एफ८ वर होता तोवर एफ७ ला दोन पहारेकरी होते, हत्ती आणि राजा. आता उरला एकटा राजा. आणि राजा हा पहारेकरी म्हणून सगळ्यांत कुचकामी, कारण दुसऱ्याचा मारा असलेल्या घरात त्याला पायच टाकता येत नाही.

कॉक्रनने लगेच तिकडे धाव घेतली नाही. आधी हत्ती सी५ वर आणून काळ्या वजिराला हुसकावलं. वजीर बी६. हत्ती बी५ वर, पुन्हा हुसकावलं. वजीर निमूट घरी, डी८ वर. आता घोडा जी५. बी३ चा वजीर आणि जी५ चा घोडा, दोघेही एफ७ वर.

पण घोडा हलल्यामुळे काळ्याला एक गोष्ट दिसली. जी४ वर त्याचा उंट होता आणि मधला घोडा बाजूला झाल्याने तो ई२ वरचा पांढरा उंट मारू शकत होता. मारला. आणि तिथे बसून त्या उंटाच्या माऱ्यात पांढऱ्याचे दोन्ही हत्ती आले, एक एफ१ वर, दुसरा बी५ वर. एका दगडात दोन हत्ती! कुणाचंही डोकं फिरेल. उंट मागे ई६ वर घेऊन त्या तिरक्या रेषेत आडवा घातला असता तर नुकसान झालंच असतं, पण पुढचा तमाशा तरी तेव्हा टळला असता.

पांढऱ्याचा घोडा एफ७ वर घुसला. राजा त्याला मारू शकत नाही, मागे वजिराचा जोर आहे. घोड्याच्या माऱ्यात काळा वजीर आहे. महेशचंद्राने घोडा ए५ वर टाकून पांढऱ्या वजिरावर उलट हल्ला केला. माझा घेतोस तर तुझाही घेतो. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे कॉक्रनने जाहीर केलं: तीन चालींत मात.

पहिली, घोडा एच६. घोड्याचा शह आहेच, शिवाय तो हलल्याने मागच्या वजिराचा शहही उघडा झाला. दुहेरी शहाला एकच उत्तर असतं, राजाने पळायचं. एकदम दोघांना मारता येत नाही, दोघांच्या मध्ये आडवंही येता येत नाही. ए५ वरचा घोडा वजिरावर कितीही डोळे वटारून बसला तरी त्याची पाळीच येत नाही. राजा एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर येऊन मात. म्हणून तो कोपऱ्यात, एच८ वर. दुसरी, वजीर जी८! चक्क राजाच्या मिठीत. राजा त्याला मारू शकत नाही, एच६ चा घोडा राखतोय. मारायचं तर ई८ च्या हत्तीनेच. हत्तीने मारलं. तिसरी, घोडा एफ७. मात.

आता काळ्या राजाकडे बघा. जी८ वर त्याचाच हत्ती, जी७ वर त्याचाच उंट, एच७ वर त्याचंच प्यादं. सगळी घरची माणसं. एफ७ सोडून गेलेला हत्ती परत आला तो राजाच्या दाराला कडी लावायला. आणि मध्यावर नजर ठेवणारा, ज्याच्यासाठी हे सगळं ओपनिंग मांडलं, तो गॅलरीतला उंट नेमका पळायच्या वाटेत बसलेला. याला स्मदर्ड मेट म्हणतात, गुदमरवून दिलेली मात. ही युक्ती महेशचंद्राच्याही फार आधीची. ल्युसेना या स्पॅनिश खेळाडूच्या १४९७ सालच्या पुस्तकात ती आहे.

भाचीने स्कोअरशीट माझ्या हातातून ओढून घेतली. बोटाने ओळी वर सरकवत गेली. "अकरावी चाल," ती म्हणाली. "माझा पण हत्ती ई८ वर." मग जरा वेळाने, "पण सर सांगतात हत्ती ई८ वर ठेव म्हणून."

सर बरोबर सांगतात. किंग्ज इंडियनमध्ये हत्ती ई८ वर नेण्याची कारणं असतात. ई पट्टी उघडणार असेल तर तो तिथेच हवा. तो नेताना फक्त एवढं बघायचं की पांढऱ्याचा वजीर किंवा उंट बी३ आणि सी४ च्या त्या तिरक्या रेषेवर आहे का, ती रेष उघडी आहे का, आणि त्याच्या घोड्याला जी५ किंवा ई५ वरून एफ७ पर्यंत वाट आहे का. तिन्हींना हो असेल तर आधी रेष बंद करा, मग हत्ती. सौद्यातला जो भाग पानावर लिहिलेला नसतो म्हणालो, तो हा. प्रत्येक ओपनिंगमध्ये असे एक-दोन असतात.

कॉक्रनला एफ७ चं वेडच होतं, हेही खरं. १८४८ मध्ये याच महेशचंद्राविरुद्ध त्याने पेट्रॉव्ह बचाव नावाच्या ओपनिंगमध्ये चौथ्याच चालीला एफ७ वरच्या प्याद्यासाठी अख्खा घोडा देऊन टाकला होता. त्याला कॉक्रन गँबिट म्हणतात, आणि हा वेडेपणा अजून जिवंत आहे. १९९९ साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोव्हने क्रॅमनिकविरुद्ध तो खेळला आणि डाव बरोबरीत सुटला.

इकडे 'इंडियन' पद्धतींचं पुढे काय झालं ते थोडक्यात, कारण एवढ्यात ठाण्यापर्यंतच्या गाडीची घोषणा झाली आणि आम्ही ती सोडायची की पकडायची यावर वाद घातला. ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्येच याच शस्त्राने पुढे जगज्जेता झालेल्या अलेखिनला हरवलं. तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड बर्नविरुद्ध वजिराचा बळी देऊन जो डाव जिंकला, तोही ग्रुनफेल्डच. १९५३ मध्ये अर्जेंटिनात मार देल प्लाताला ग्लिगोरिचने नायडॉर्फला किंग्ज इंडियनमध्ये हरवलं, तेव्हापासून त्यातल्या एका भयंकर फाट्याला त्या गावाचं नाव आहे. त्यात मध्य पूर्ण बंद होतो; पांढरा वजिराच्या बाजूने घुसतो, काळा राजाच्या बाजूने, आणि आधी कोण पोचतो यावर सगळं. कास्पारोव्ह वर्षानुवर्षं किंग्ज इंडियन खेळला आणि १९९७ मध्ये क्रॅमनिककडून मार खाल्ल्यावर त्याने ते बासनात बांधलं.

आणि १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. हे भाचीला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. गुकेश आणि डिंग लिरेन, जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. पांढरा डिंग. त्याने घोडा एफ३, प्यादं जी३, उंट जी२ असं मांडून काळ्याला मध्य घेऊ दिला आणि चौथ्या चालीला डी४ ने त्यावर धक्का दिला. म्हणजे उलटा ग्रुनफेल्ड, पांढऱ्या सोंगट्यांनी. ओपनिंगमध्ये डिंगचं काहीच बिघडलं नाही. डाव बरोबरीकडे चालला होता, आणि पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती एफ२ वर नेला. हत्तींची अदलाबदल झाली, गुकेशने उंट डी५ वर आणून उंटांचीही अदलाबदल लादली, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या खेळात गुकेशचं एक प्यादं जास्त. अठरा वर्षांचा जगज्जेता.

"म्हणजे तिथेही हत्तीच हलवला," भाची म्हणाली. मला हे सुचलं नव्हतं.

तिचा पुढचा प्रश्न जास्त अडचणीचा होता. पहिल्यांदा महेशचंद्र खेळले तर नाव ग्रुनफेल्डचं कसं? मी सांगायला गेलो की नाव बहुधा त्याला मिळतं जो ते ओपनिंग मोठ्या स्पर्धेत नेतो, त्याने जिंकतो आणि त्यावर लिहितो. महेशचंद्राचे डावसुद्धा कॉक्रनने टिपले म्हणून उरले. तिने मध्येच तोडलं. "घोडा देऊन टाकणाऱ्याचं नाव आहे, आणि ज्याच्याविरुद्ध दिला त्याचं नाही?"

नाही. त्याच्या वाट्याला नुसतं 'इंडियन' आलं.

डोंबिवलीची गाडी आली तेव्हा उतरणारे आणि चढणारे एकमेकांत मिसळून गेले. आत चौथी सीट मिळाली ती मी तिला दिली. अर्धी टेकून, पाय रोवून, तिने गुडघ्यावर स्कोअरशीट ठेवली. त्या कागदावर वरच्या बाजूला ओपनिंगचा एक रकाना असतो, जो कुणीच भरत नाही. कुर्ला येईपर्यंत तिने तो भरला. पेन हलत होतं, त्यामुळे 'महेशचंद्र'मधला 'श' नीट वाचता येत नव्हता.